शिडी चढून पाहा, मग बोट निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात ६ जण: तुम्ही, पत्नी, ९ आणि ५ वर्षांची मुले, सत्तरी ओलांडलेली आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आई, आणि अधूनमधून सोबत येणारी बहीण. फिरायचे मुख्यतः एका मोठ्या तलावात, जिथे दुपारनंतर वारा उठतो. वर्षातून तीन-चारदा ट्रेलरवर घालून बोट खाडीत न्यायची. समोर दोन वापरलेल्या फायबरच्या बोटी आहेत, दोन्हींना पुढच्या टोकाला बसायची उघडी जागा. पहिली १९ फूट ६ इंचांची, तळाचा उतार २० अंश, स्टर्नड्राइव्ह म्हणजे आत इंजिन आणि बाहेर पंख्याचा पाय, ताकद २०० अश्वशक्ती. दुसरी १९ फूट ८ इंचांची, जरा रुंद, तळाचा उतार १६ अंश, मागे १५० अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून टांगलेले इंजिन. किंमत सारखी, वय सारखे, दोन्ही आवडल्या आहेत.

मी गेली २२ वर्षे विकत घेण्याआधी लोकांच्या बोटी तपासते आणि त्याआधी काही वर्षे बोट चालवायला शिकवत होते. माझे मत आधीच सांगून टाकते: तुम्ही दुसरी घ्या. पण एका अटीवर. तुमची आई त्या बोटीची शिडी पाण्यातून चढून वर आली पाहिजे. ती चढता आली नाही आणि शिडी बदलूनही जमणार नसेल, तर पहिली घ्या. बाकीचे सगळे मुद्दे या अटीच्या मागे येतात. असे का, ते सविस्तर लिहिते.

माझ्या घरची पहिली बोट आम्ही मागच्या गादीवर भाळून घेतली. उन्हात पडायला ऐसपैस गादी, चकचकीत रंग, धावायला झकास. पहिल्याच उन्हाळ्यात वडील पाण्यात उतरले. पट्टीचे पोहणारे होते, पण खांदा एकदा निखळलेला. त्या बोटीच्या शिडीला दोनच पायऱ्या होत्या आणि खालची पायरी पाण्याखाली जेमतेम वीतभर. त्यांना पाय गुडघ्यापर्यंत उचलून सगळा भार हातांवर घ्यावा लागत होता. तीन वेळा प्रयत्न केला, तिसऱ्या वेळी चेहरा पांढरा पडला. शेवटी आम्ही दोघांनी त्यांना बखोटीला धरून वर ओढले, छातीवर खरचटले. त्यानंतर ते बोटीवर येत, पण पाण्यात कधी उतरले नाहीत. चार वर्षे ते काठाला बसून आम्हाला पोहताना पाहत राहिले. ही गोष्ट मला आजही सलते, कारण ती टाळणे अगदी सोपे होते. विकत घेण्याआधी त्यांना फक्त एकदा ती शिडी चढायला लावायची होती.

तेव्हापासून माझा हिशोब एकच आहे. घरातल्या ज्या माणसाला पाण्यावर सगळ्यात जास्त जड जाते, त्याच्यासाठी बोट घ्यायची. तुमच्याकडे अशी दोन माणसे आहेत: आई आणि ५ वर्षांचे मूल. चालवणारा तर कुठल्याही बोटीवर खूशच असतो, त्याच्या हातात चाक असते.

आता तळाकडे येऊ. तुम्ही २० अंश आणि १६ अंश यांवर बरेच अडकलेले दिसता. हा आकडा म्हणजे बोटीच्या मागच्या फळीपाशी तळ आडव्या रेषेपासून किती वर चढतो त्याचा कोन. इंग्रजीतला डेडराइज हा शब्द आपल्याकडेही रुळला आहे. कोन जास्त असला की तळ लाट चिरत जातो, कमी असला की लाटेवर थापटतो. खोल उताराच्या तळाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत. रे हंट यांनी आखलेली मॉपी नावाची बोट खवळलेल्या समुद्रात पहिली आली, तिचा उतार साधारण २४ अंशांचा होता. तेव्हापासून जास्त अंश म्हणजे जास्त चांगली बोट अशी समजूत बसली. ती अर्धीच खरी आहे.

उरलेले अर्धे बोट उभी असताना कळते. खोल तळाची बोट थांबली की डोलते. एकजण डाव्या काठाशी गेला की ती डावीकडे कलते, दोन मुले मासे बघायला एकाच बाजूला धावली की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. रुंद आणि कमी उताराची बोट थांबल्यावर बऱ्यापैकी घट्ट बसते. आता तुमचा दिवस डोळ्यांसमोर आणा. चार-पाच तास तलावात असाल, तर त्यातला भरधाव जाण्याचा वेळ फार तर तासभर. बाकी वेळ नांगर टाकून पोहणे, खाणे, झोपणे, मुलांचे वर-खाली करणे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या जमिनीवर उभे राहणे ही खरी शिक्षा असते. त्या चार तासांत १६ अंशांचा तळ तुमच्या आईच्या बाजूने आहे.

मात्र संध्याकाळी परतताना तो त्यांच्या विरुद्ध आहे, हेही सांगते. वारा सुटल्यावर तलावात उठणाऱ्या लाटा उंचीने लहान पण एकमेकींना खेटून येतात. फूट-सव्वा फुटाची अशी लाट समोरून घेत कमी उताराची हलकी बोट जोरात नेली तर ती धाडधाड आदळते. नाळेत, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, बसलेल्या माणसाला हा दणका सर्वांत जास्त बसतो; उडून परत सीटवर आदळल्याने मणक्याचे हाड दबून मोडल्याच्या घटना झालेल्या आहेत, आणि हाडे ठिसूळ झालेल्या वयात तो धोका आणखी वाढतो. त्यामुळे लाटा असतील तेव्हा आईंना नाळेत बसवायचे नाही, चालकाच्या मागच्या बाकावर बसवायचे, ही सक्ती समजा. वेग उतरवा, लाट नाकासमोर न घेता तिरकी घ्या, जमल्यास काठाच्या आडोशाने या. एवढे केले तर १६ अंशांची बोट तुमच्या तलावात निभावते. ज्याला रोज उघड्या समुद्रातून जायचे आहे त्याला मी असा सल्ला दिला नसता.

आणखी एक. तो आकडा फक्त मागच्या फळीपाशी मोजलेला असतो. लाट पहिल्यांदा लागते ती पुढच्या तिसऱ्या भागाला, आणि तिथे काही १६ अंशांच्या बोटी चांगल्या धारदार असतात. ट्रेलरवर बोट असताना समोर जाऊन खाली वाका आणि दोन्हींची धार शेजारी-शेजारी बघा. मागच्या फळीवर ट्रिम टॅब, म्हणजे खाली-वर होणाऱ्या दोन पट्ट्या, बसवलेल्या असतील तर त्या खाली करून नाक दाबता येते आणि ती धारच लाटेला लागते. नसतील तर नंतर बसवता येतात.

आता इंजिन. तुमच्या बाबतीत माझा कौल मुख्यतः यावर ठरला.

स्टर्नड्राइव्ह हा काही वाईट प्रकार नाही. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये अॅक्वामॅटिक बाजारात आणले तेव्हापासून कुटुंबाच्या बोटींवर कित्येक दशके त्याचेच राज्य होते, आणि त्याला कारणे होती. इंजिन आत आणि खाली असते, म्हणून वजन खाली राहते. मागे सबंध रुंदीचा सपाट ओटा मिळतो. पण त्या रचनेत बोटीच्या मागच्या फळीला पाण्याच्या पातळीखाली एक मोठे भोक पाडलेले असते. आतले इंजिन आणि बाहेरचा पाय त्या भोकातून जोडलेले असतात, आणि पाणी बाहेर ठेवायचे काम रबरी घड्यांची नळी करते, तिला बेलोज म्हणतात. रबर जुने होते, भेगाळते, शिंपले चिकटून फाटते. फाटले की पाणी आत यायला लागते, आणि बोट पाण्यातच बांधून ठेवलेली असेल व बिल्ज पंपाची, म्हणजे तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाची, बॅटरी उतरलेली असेल तर सकाळी धक्क्याशी नुसता दोर दिसतो. अशी दोन प्रकरणे मी स्वतः तपासली आहेत. दोन्ही वेळा मालकाला बेलोज शेवटचे कधी बदलले ते सांगता आले नव्हते. दरवर्षी तपासणे आणि निर्मात्याने दिलेल्या मुदतीत, बहुतेकदा दोन-तीन वर्षांनी, बदलणे हाच उपाय, आणि त्यासाठी पाय उतरवावा लागतो.

त्यात खारे पाणी आले की खर्चाचे दुसरे खाते उघडते. आतल्या इंजिनात बाहेरचेच पाणी फिरून थंडावा देत असेल, तर धूर बाहेर नेणारे ओतीव लोखंडाचे भाग, मॅनिफोल्ड आणि रायझर, आतून गंजत जातात. बाहेरून रंग ठणठणीत दिसतो आणि आत भिंत कागदासारखी होते. गंजून छिद्र पडले की पाणी थेट सिलिंडरमध्ये. काही इंजिनांत गोड्या पाण्याचे बंदिस्त चक्र असते, ती जास्त टिकतात. पहिल्या बोटीच्या मालकाला हा प्रश्न जरूर विचारा: बाहेरचे पाणी इंजिनात फिरते की बंदिस्त चक्र आहे, आणि बोट आजवर खाऱ्या पाण्यात किती वेळा गेली? उत्तर गुळमुळीत आले तर मी रायझर उघडून बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

आउटबोर्ड खाडीतून बाहेर आले की सबंध वर उचलता येते. गोड्या पाण्याची नळी जोडून धुता येते. उभे ठेवले की आतले पाणी आपसूक निथळते, म्हणून जिथे हिवाळ्यात पाणी गोठते तिथे इंजिनाचा ठोकळा तडकण्याची भीती फारशी उरत नाही. स्टर्नड्राइव्हचे पाणी मात्र बुचे काढून आठवणीने सोडावे लागते. ओहोटीला पाणी कमी झाले तर आउटबोर्ड वर घेऊन वल्ह्याने बोट सरकवता येते. स्टर्नड्राइव्हचा पाय पुरता वर येत नाही, तो गाळ खरवडतो. आणि दहा-बारा वर्षांनी इंजिनाने मान टाकली, तर आउटबोर्ड एका दिवसात उतरवून दुसरे चढवता येते. तुमच्यासारखा माणूस, जो दोन्ही पाण्यांत जाणार आहे, बोट ट्रेलरवर ठेवणार आहे आणि स्वतः मेकॅनिक नाही, त्याला आउटबोर्ड सोयीचे पडते.

इंजिन कुठलेही घ्या, गोडे आणि खारे असे दोन्ही पाणी असेल तर झिजणारे धातूचे तुकडे, अॅनोड, अॅल्युमिनियमचे ठेवा. जस्ताचे खाऱ्या पाण्यासाठी ठीक, पण गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर बसून ते निकामी होतात. मॅग्नेशियमचे गोड्या पाण्यात उत्तम, पण खाऱ्यात बघता बघता विरघळतात. लहान गोष्ट आहे, पण पायाच्या महागड्या धातूऐवजी हा तुकडा झिजावा यासाठीच तो तिथे असतो.

वायूंचा धोका दोन्हींकडे आहे, पण वेगवेगळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. आत इंजिन असलेल्या बोटीत ती तळाशी साचते आणि चावी फिरवताना ठिणगी मिळाली की स्फोट. म्हणून स्टर्नड्राइव्ह सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली वाफ बाहेर फेकणारा झोतयंत्र, किमान ४ मिनिटे चालवायचा, पेट्रोल भरल्यानंतर तर हमखास, आणि झाकण उघडून नाकाने वास घ्यायचा. घाईत असलेला माणूस नेमकी हीच ४ मिनिटे वाचवतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र दोन्ही इंजिने सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. इंजिन नुसते चालू ठेवून मुले मागच्या ओट्यावर पाय सोडून बसली, तर ती धुराच्या तोंडाशीच बसलेली असतात. पाच वर्षांचे मूल गुंगीत पाण्यात घसरले तर आवाजही होत नाही. माझ्या बोटीवर नियम आहे: मागच्या ओट्यावर किंवा पाण्यात कुणी असेल तर चावी काढून खिशात. पंख्याचा धोकाही त्याच एका कृतीने टळतो.

मुलांना लाटेवर फळीने खेळायची हौस आहे असे तुम्ही लिहिले आहे. दोरीला धरून स्की किंवा हवेच्या ट्यूबवर ओढणे दोन्ही बोटींना जमेल. पण बोटीच्या अगदी मागे, दोरी सोडून, उठवलेल्या लाटेवर उभे राहण्याचा जो खेळ आहे तो या दोन्हींपैकी एकीच्याही मागे करू देऊ नका. दोन्हींचा पंखा मागच्या फळीच्या बाहेर आहे. त्या खेळासाठी पंखा बोटीच्या पोटाखाली किंवा पुढे तोंड करून असलेली बोट लागते.

आता त्या दोन इंचांच्या फरकाबद्दल, जो तुम्ही सोडून दिला. दोन्ही बोटी २० फुटांच्या आतल्या आहेत, आणि हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटीत इतका फोम भरावा लागतो की ती पाण्याने भरली तरी आडवी, सपाट तरंगत राहील आणि माणसे तिच्यात किंवा तिला धरून राहू शकतील. त्याच लांबीच्या आत-इंजिनाच्या आणि स्टर्नड्राइव्ह बोटीला मात्र एवढेच बंधन आहे की तिचा काही भाग पाण्यावर राहावा. म्हणजे ती भरली तर मागचे जड इंजिन खाली जाऊन नुसते नाक वर दिसत राहू शकते. आईला आणि दोन मुलांना त्या निसरड्या नाकाला धरून ठेवायचे आहे, अशी कल्पना करून बघा. तुमच्या दोन्ही बोटी त्या बाजारासाठी बनलेल्या असतील तर हा फरक नक्की लागू होतो. दुसऱ्या बोटीच्या बाजूने मला वाटणारे हे सगळ्यात वजनदार कारण आहे, आणि विक्रेता ते कधी सांगत नाही, कारण बोट बुडण्याची गोष्ट विक्रीच्या वेळी कुणी काढत नाही.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवर अ, ब, क, ड असा दर्जा इंग्रजी अक्षरांत लिहिलेला असतो. क म्हणजे ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मापपट्टीवर बल ६ पर्यंत आणि लाटा २ मीटरपर्यंत. ड म्हणजे बल ४ पर्यंत आणि लाटा ०.३ मीटर, क्वचित ०.५. तुमच्या तलावाचा दुपारचा वारा आणि खाडी दोन्ही धरली तर क पेक्षा खालचा दर्जा घेऊ नका. एकाच बोटीला माणसे कमी घेतली तर क आणि जास्त घेतली तर ड असे दोन दर्जे दिलेले असू शकतात, म्हणून पाटी पूर्ण वाचा.

आणि त्या पाटीवरच्या माणसांच्या आकड्याला भुलू नका. एकीवर ८, दुसरीवर ९ असे तुम्ही लिहिले. अमेरिकी पद्धतीत हा आकडा काढताना माणशी साधारण ६४ किलो धरले जातात. मोठ्यांचे वजन काढा, मग पाटीवर किलो किंवा पौंडांत लिहिलेली मर्यादा बघा, तीच खरी. तुमचाच हिशोब करू: चार मोठी माणसे २८० किलो, दोन मुले ४५, नांगर-दोर-जॅकेट-पाणी-पिशव्या ६०, आणि १२० लिटर पेट्रोलचे जवळपास ९० किलो. झाले पावणेपाचशे. विक्रेता तुम्हाला फिरवून आणतो तेव्हा बोटीवर दोघेच असतात आणि टाकी पाव भरलेली असते. तेव्हा १५० अश्वशक्तीची बोट हरणासारखी पळते. पावणेपाचशे किलो चढवल्यावर तीच बोट नाक वर करून किती वेळ लोळते आणि मग सपाट धावायला लागते, ते बघायचे असते. तेवढा वेळ चालकाला समोरचे काहीही दिसत नाही. जास्त वेळ लागत असेल तर पंखा बदलून फरक पडतो: पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकू पाहतो ते अंतर, एक इंचाने कमी केला की इंजिनाचे मिनिटाचे फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात आणि बोट लवकर उचलते. भरलेल्या बोटीत थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर फेरे निर्मात्याने दिलेल्या पट्ट्यात आले पाहिजेत; बऱ्याच आउटबोर्डांत तो ५००० ते ६००० असतो. याच बाबतीत पहिल्या बोटीचे २०० घोडे तुम्हाला खुणावतील. खुणावू द्या. पूर्ण थ्रॉटलवर १५० चे इंजिन तासाला ५० लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, आरामात धावताना त्याच्या निम्मे. २०० चे त्याहून अधिक. जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश आणि उरलेले राखीव, असा हिशोब ठेवा.

नाळेतल्या उघड्या जागेबद्दल दोन्ही बोटी सारख्याच आहेत, म्हणून दोन्हींना लागू पडणारी सूचना. मुलांना ती जागा सगळ्यात प्रिय असते आणि चालकाला तीच सगळ्यात कमी दिसते. तिथे चार जण बसवले आणि अचानक थ्रॉटल मागे ओढून वेग तोडला, तर नाक खाली जाते आणि समोरची लाट थेट आत येते. शंभर-दीडशे लिटर पाणी म्हणजे तितकेच किलो, क्षणात, चुकीच्या टोकाला. मधल्या काचेचे दार नीट लागते का, खालचा भागही बंद होतो का, आणि नाळेतले पाणी बाहेर कुठून जाते, ते हाताने तपासा. वेगात असताना पाय बाहेर सोडून कुणीही काठावर बसायचे नाही. मूल समोर पडले तर पंखा त्याच्यापर्यंत पोहोचायला क्षण पुरतो, चालकाने काही करण्याइतका अवधी नसतो.

बोटीच्या काठाची आतली उंची मोजा. ५ वर्षांच्या मुलाला उभे करा; काठ छातीला लागला तर बरे, कमरेला लागला तर ते मूल बोट चालू असताना उभे राहणार नाही, एवढेच ठरवावे लागेल. इथे पहिली बोट बहुधा जिंकेल, खोल तळाच्या बोटी बऱ्याचदा आतूनही खोल असतात.

आणि शिडीपाशी येते, जिथून सुरुवात केली. पहिल्या बोटीला मागे सबंध ओटा आहे, पाण्याच्या जवळ, त्यावर आधी बसता येते आणि मग पाय वर घेता येतात. गुडघे दुखणाऱ्याला हे वरदान आहे. दुसऱ्या बोटीत इंजिनाच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे ओटे असतील आणि शिडी त्यातल्या एकाला. ओटा किती मोठा आहे? आई त्यावर बसू शकतील का? शिडीला सरकून लांब होणाऱ्या निदान तीन, शक्यतो चार पायऱ्या हव्यात, खालची पायरी पाण्यात इतकी खोल की पाय फार न उचलता टेकता यावा, पायरी गोल नळीची नसून पायाला पसरट लागणारी, आणि वर धरायला दोन मजबूत कड्या. पाण्यात पडलेला एकटा माणूस आतल्या कुणाच्या मदतीशिवाय ती शिडी खाली ओढू शकला पाहिजे. यातले बहुतेक नंतर बसवता येते. ओट्याची जागा मात्र वाढवता येत नाही. माझी अट याच कारणासाठी आहे.

गादीचा रंग, स्पीकर, पेल्याच्या खाचा, सर्वोच्च वेग, यांवर मी काही लिहीत नाही. सावलीचे छत मात्र आईपर्यंत पोहोचते का ते उघडून बघा.

चाचणी एकाच दिवशी, दोन्ही बोटींची, आणि दुपारी वारा सुटल्यावर ठेवा. विक्रेता सकाळची वेळ देईल, कारण सकाळी पाणी आरशासारखे असते. आग्रहाने दुपार मागा. सगळे घर घेऊन जा. बहीण येऊ शकत नसेल तर तिच्या वजनाइतके पाण्याचे कॅन चढवा. तुम्ही स्वतः अर्धा वेळच चाक धरा, बाकी अर्धा वेळ आईच्या जागेवर बसा, लाटेत, पाठ टेकून. पत्नीला धक्क्याला बोट लावायला सांगा, कारण एखाद्या दिवशी तुम्ही पाण्यात असाल आणि बोट तिला आणावी लागेल. किल स्विचची दोरी चालकाच्या अंगाला बांधा आणि ओढून बघा, इंजिन जागच्या जागी बंद पडले पाहिजे. मग नांगर टाका, इंजिन बंद करा, अर्धा तास नुसते बसा. मुलांना एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जाऊ द्या. आई काही बोलल्या नाहीत तरी त्यांचा हात कशाला घट्ट धरून आहे ते बघा.

पसंती पक्की झाल्यावर, पैसे देण्याआधी, स्वतंत्र तपासनीस लावा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे. तो मागच्या फळीवर आणि जमिनीखालच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बघेल. घट्ट फायबर टणटण वाजते, आत पाणी मुरून कुजलेले लाकूड थपथप. आउटबोर्ड बोटीत सगळा जोर मागच्या फळीवर येतो, म्हणून तिथे आर्द्रतामापक लावायला सांगा आणि इंजिन थोडे वर उचलून त्याच्या पायाला वर-खाली जोर द्या. फळी लवचिक वाटली तर ती बोट विसरा. पायातले तेल थोडे काढून बघा, दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्या, आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. इंजिनाच्या संगणकातून चाललेले तास आणि ते किती फेऱ्यांवर चालले ते काढता येते. फार कमी तास पाहून खूश होऊ नका, दहा वर्षांत पन्नास तास चाललेल्या इंजिनातले रबर आणि पेट्रोलच्या नळ्या पडून पडून वाळलेल्या असतात.

ट्रेलरचे वजनही विसरू नका. माहितीपत्रकातले वजन बहुतेकदा कोरड्या बोटीचे असते, आणि आउटबोर्ड बोटीत कित्येकदा त्यात इंजिनही धरलेले नसते. १५० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक इंजिन एकटेच २०० किलोच्या पुढे जाते. इंजिन, पेट्रोल, सामान आणि खुद्द ट्रेलर मिळवून काटा करून घ्या आणि मग गाडीच्या पुस्तकातली ओढण्याची मर्यादा बघा. पहिली बोट या काट्यावर बरीच जड भरेल.

शेवटची विनंती चाचणीच्या दिवसासाठी. धाकट्याचे जॅकेट त्याच्या मापाचे, आधी घेऊन ठेवा. खांद्यांवर धरून वर उचलले तर ते त्याच्या कानांपर्यंत सरकता कामा नये, आणि पायांमधून जाणारा पट्टा हवा. आईंनाही जॅकेट घालूनच शिडी चढायला सांगा. जॅकेटने पोट पुढे येते, पायरी दिसत नाही, आणि खऱ्या वेळी त्या जॅकेट घालूनच चढणार आहेत. दोन्ही बोटींवर दोन-दोनदा चढू द्या, मध्ये विश्रांती देऊन. दुसऱ्या वेळी, थकल्यावर, त्या कुठल्या बोटीवर तुमचा हात न मागता वर आल्या, ते मला कळवा.